संगणकीय माहितीचे स्थानांतर

संगणकीय माहितीचे स्थानांतर : एका संगणकात साठविलेली माहिती दुसऱ्या, बहुधा नव्या व वेगळ्या रचनेच्या संगणकात नेऊन ती तेथे पूर्वीच्याच अर्थाने वाचता व वापरता येईल अशी व्यवस्था करणे, या क्रियेस माहितीचे स्थानांतर म्हणतात. माहितीची प्रत काढणे हा या क्रियेचा एक भाग होय, संपूर्ण क्रिया नव्हे. प्रत काढताना जुन्या साधनावरील चिन्हांचा क्रम नव्या साधनावर जसाच्या तसा उतरतो. परंतु ती चिन्हे कोणत्या संकेतानुसार लिहिली होती, कोणता आकडा कोणत्या रकान्यातील होता आणि कोणती नोंद दुसऱ्या कोणत्या नोंदीशी जोडलेली होती, हे ज्ञान पुष्कळदा जुन्या आज्ञावलीत, कचेरीच्या प्रघातात किंवा तेथे काम करणाऱ्या माणसाच्या स्मरणात असते. ते बरोबर गेले नाही, तर सर्व चिन्हे सुखरूप पोहोचूनही माहिती हरवते.

कचेरीतील संगणक साधारणपणे पाच ते दहा वर्षे उपयोगात राहतो. त्यावरील काही माहिती मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकवावी लागते. जमिनीच्या हक्काची नोंद ही अशा माहितीपैकी प्रमुख होय. तिला एका शतकात अनेक वेळा घर बदलावे लागते. प्रस्तुत नोंदीत स्थानांतराचे सर्वसामान्य तंत्र सांगून महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाच्या गोंदिया जिल्ह्यातील अधिकार अभिलेखांचे उदाहरण विस्ताराने घेतले आहे. तेथे कागदावरून कागदावर, कागदावरून संगणकावर आणि संगणकावरून संगणकावर अशी तीनही प्रकारची स्थानांतरे एकाच अभिलेखाच्या वाट्याला आली असून धान पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याचे व्यवहार त्यांच्या अचूकतेवर अवलंबून असतात.

साधने व वेग : दोन संगणकांमध्ये माहिती नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, चुंबकीय फीत, फ्लॉपी, सीडी, पेन ड्राइव्ह, सुटी हार्ड डिस्क यांसारख्या नेता येण्याजोग्या साधनावर ती उतरवून घेणे. व दुसरा, दोन्ही संगणक तारेने किंवा जालकाने जोडणे. १९९० च्या सुमारास कचेऱ्यांतील संगणकांत ४० मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क सर्रास आढळे. ती पूर्ण भरलेली असल्यास तिच्यासाठी १·४४ मेगाबाइटच्या २८ फ्लॉपी लागत. सेकंदाला ९,६०० बिट वेगाच्या क्रमिक जोडणीने तीच माहिती पाठविण्यास सुमारे साडेअकरा तास लागत आणि मध्येच वीज गेल्यास काम पुन्हा आरंभापासून करावे लागे. सेकंदाला एक कोटी बिट वाहून नेणाऱ्या स्थानिक जालकाने हा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास आणला. आजच्या साधनांनी तो क्षणमात्र झाला आहे. वेग हा आता अडचणीचा विषय उरलेला नाही. तथापि स्थानांतरातील बहुतेक गंभीर चुका वेगाशी संबंधित कधीच नव्हत्या.

जुना व नवा संगणक एकाच जातीचे असल्यास जुन्या डिस्कची हुबेहूब प्रतिकृती नव्या डिस्कवर उतरविणे पुरेसे होते. जात वेगळी असल्यास माहिती एखाद्या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढून नव्या कोष्टकांत भरावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालविणे. जुने सॉफ्टवेअर ज्याने लिहिले तो उपलब्ध नसतो व त्याच्या संचयाची रचना कोणी लिहून ठेवलेली नसते, तेव्हा या तिसऱ्या मार्गाचा आश्रय घ्यावा लागतो.

लिपी व संकेतन : रोमन लिपीतील मजकुराच्या बाबतीत संकेतांचे एकमत १९६० च्या दशकातच झाले असल्याने तो मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर सहसा विनासायास जातो. देवनागरीची गोष्ट निराळी आहे. मराठी मजकूर गेल्या चाळीस वर्षांत किमान तीन वेगवेगळ्या तत्त्वांनी साठविला गेला. पहिले तत्त्व वर्णांना संकेत देण्याचे. भारतीय लिपींसाठीच्या इस्की या संकेतावलीत प्रत्येक वर्णास एक बाइट दिलेला असतो; भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आरंभ होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान या तत्त्वावर आधारलेले होते. दुसरे तत्त्व अक्षराच्या छापील आकारांना संकेत देण्याचे. विंडोज प्रणाली आल्यावर वापरात आलेल्या अनेक टंकांमध्ये काना, वेलांटी, रफार, अर्धा वर्ण असे तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविले जात. तिसरे तत्त्व युनिकोडचे. या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली असून तीत वर्ण उच्चाराच्या क्रमाने येतात.

गोंदिया जिल्ह्यातील स्थळनामांवरून या तीन तत्त्वांमधील भेद स्पष्ट होतो. ‘तिरोडा’ या नावात वेलांटी डोळ्यांना ‘त’ च्या आधी दिसते, म्हणून आकारावर आधारलेल्या टंकात ती आधी साठविलेली असते. युनिकोडमध्ये ती ‘त’ च्या नंतर येते. ‘अर्जुनी’ या नावातील रफार ‘ज’ च्या डोक्यावर दिसतो व अशा टंकात ‘ज’ नंतर साठविला जातो. युनिकोडमध्ये ‘र’ व हलन्तचिन्ह ‘ज’ च्या आधी असावे लागते. तेव्हा एका संकेताच्या जागी दुसरा संकेत ठेवला की रूपांतर झाले, असे होत नाही. वर्णांचा क्रमही बदलावा लागतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने हा क्रम एका जागी चुकविला, तर वेलांटी शेजारच्या वर्णावर जाऊन बसते. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील अर्ध्या ‘र’ चे रूप तर मराठीचे खास रूप असून हिंदीचा विचार करून लिहिलेल्या रूपांतरकांनी त्याचा रफार करून टाकल्याची उदाहरणे जुन्या मजकुरात विपुल सापडतात.

नावाच्या लांबीचा प्रश्न याहून फसवा आहे. ‘गोंदिया’ या नावात सात वर्णचिन्हे आहेत. इस्कीमध्ये त्यांना सात बाइट पुरत. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे तेच नाव २१ बाइटचे होते. ‘अर्जुनी मोरगाव’ या तहसिलीचे नाव मधल्या रिकाम्या जागेसह इस्कीत १४ बाइटचे व यूटीएफ-८ मध्ये ४० बाइटचे होय. जुन्या कोष्टकात नावासाठी २० बाइटचा रकाना ठेवलेला असेल तर इस्कीतील नाव त्यात पूर्ण मावे. नव्या संगणकात रकान्याची रुंदी तीच ठेवून रूपांतर केल्यास विसाव्या बाइटला नाव तुटते. सहा चिन्हे पूर्ण येतात आणि सातव्याचे केवळ दोन तुकडे उरतात. तहसिलीच्या जागी ‘अर्जुन’ व त्यापुढे एक अर्थहीन खूण एवढेच शिल्लक राहते. याच जिल्ह्यात ‘सडक अर्जुनी’ नावाची दुसरी तहसील असल्याने नाव तोडणे येथे विशेष धोक्याचे आहे. अशा वेळी यंत्र चूक झाल्याचे सांगेलच असे नाही. त्याच्या दृष्टीने रकाना भरला, काम झाले.

अंकांच्या बाबतीतही असेच घडते. भूमापन क्रमांकाचे पोटविभाग तिरक्या रेघेने लिहितात. असा क्रमांक गणन-पत्रकाच्या आज्ञावलीत उघडला की ती त्याला तारीख समजण्याचा संभव असतो. ‘७/१२’ हा मजकूर काही संगणकांवर ७ डिसेंबर तर काहींवर १२ जुलै होतो. महाराष्ट्रातील सर्वांत परिचित सरकारी कागदाच्या नावावर यावी अशीच ही आपत्ती आहे. म्हणून क्रमांक दिसायला आकडा असला, तरी ज्याची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते तो अक्षरमजकूर म्हणूनच न्यावा, असा नियम पाळतात.

गोंदिया जिल्ह्यातील अधिकार अभिलेख : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या त्याच्या आठ तहसिली होत. हा प्रदेश तलावांचा व धानाचा. मध्य प्रांताच्या काळात येथे मालगुजारी पद्धत होती. मालगुजारांनी बांधलेले अनेक तलाव आजही ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव या नावाने ओळखले जातात. संगणक येण्यापूर्वीच येथील जमिनीच्या नोंदींची अनेक स्थानांतरे झाली होती आणि पुढील अडचणींचे मूळ त्यांत आहे.

मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारांचे स्वामित्वहक्क शासनाकडे आले आणि गावच्या जमिनी नव्या वर्गवारीत लिहिल्या गेल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली, तेव्हा पूर्वीचे हक्क पुन्हा नव्या शीर्षांखाली घालावे लागले. विदर्भातील भूमिस्वामी हक्काची जी जमीन हस्तांतरणाच्या निर्बंधातून मुक्त होती तिचा धारक भोगवटादार वर्ग १ झाला. जिच्यावर निर्बंध होता तिचा धारक भोगवटादार वर्ग २ झाला. आजच्या संगणकशास्त्राच्या भाषेत हे जुन्या संकेतांचे नव्या संकेतांशी केलेले जुळवणीपत्रकच होय. फरक इतकाच की ते पटवाऱ्याने दऊत-टाकाने केले. वर्ग १ ची जमीन धारकास स्वतःहून विकता येते, वर्ग २ ची सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. हा भेद कोष्टकात एका अंकाने दर्शविला जातो. तो अंक लिहिताना किंवा टंकित करताना बदलला, तर एकाची जमीन अकारण अडकते व दुसऱ्याची नसलेल्या अधिकाराने विकली जाते.

गावाच्या अभिलेखांपैकी गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा उतारा होतो. नमुना सहा ही फेरफार नोंदवही व नमुना आठ-अ ही खातेदाराच्या एकूण जमिनीची नोंद. या चार कागदांचा परस्परसंबंध नीट ध्यानी घेतल्याशिवाय त्यांचे संगणकीकरण समजणार नाही. सातबारावरील हक्कात विक्री, वारसा, वाटणी, बोजा अशा कारणाने जो बदल होतो त्याला आधी नमुना सहामध्ये क्रमांक मिळतो, हितसंबंधितांना सूचना जाते, हरकतीची मुदत उलटते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारावर बदल उतरतो. म्हणजे सातबारावरील प्रत्येक नावामागे एक फेरफार क्रमांक उभा असतो. टंकलेखनात झालेल्या चुकीमागे मात्र असा कोणताही क्रमांक नसतो. तो फेरफाराविना झालेला बदल होय आणि म्हणूनच त्याचा माग काढणे अवघड असते.

भारतात भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रूपाने सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी विदर्भातीलच वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला व २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम या नावाने चालू राहिला. महाराष्ट्रात आरंभी हस्तलिखित सातबारावरील मजकूर टंकित करून तहसिलीच्या ठिकाणच्या संगणकांवर ठेवण्यात आला. पुढे ई-फेरफार प्रकल्पात ही विखुरलेली माहिती युनिकोडमध्ये आणून मध्यवर्ती संगणकांवर नेण्यात आली, जेणेकरून फेरफाराची नोंद घेतली की तिचा परिणाम सातबारावर त्याच प्रणालीतून व्हावा.

गोंदियाच्या बाबतीत या वाटचालीत जिल्ह्याच्या विभाजनाची भर पडली. एकच गाव वेगवेगळ्या काळातील कागदांत वेगवेगळ्या शीर्षांखाली शोधावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी भंडारा जिल्ह्यात भंडारा, तिरोडा व साकोली या तीनच तहसिली होत्या आणि गोंदिया हे गाव तिरोडा तहसिलीत मोडत असे. संकेतांकही स्थिर राहिले नाहीत. जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक २००१ मध्ये ११ होता, २०११ मध्ये तो ५०७ झाला. रोमन लिपीत जिल्ह्याचे नाव ‘वाय’ हे अक्षर घालून व ते गाळून असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. दोन खात्यांची कोष्टके नावावरून जुळवू गेल्यास एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात. व्यक्तिनामांत हा घोळ अधिकच वाढतो. या भागातील ‘रहांगडाले’ हे आडनाव ‘राहांगडाले’ असेही लिहितात, ‘उईके’ चे ‘उइके’ होते. गावातील माणसाला हे एकच आहेत हे सांगावे लागत नाही; यंत्राला मात्र ती दोन घराणी वाटतात. खातेदाराचे सर्व गट एकत्र करून नमुना आठ-अ तयार करताना अशा भेदांमुळे एका माणसाची दोन खाती निघतात आणि उलट, एकाच नावाच्या दोन माणसांचे एक खाते होते. दुसरी चूक पहिलीहून फार वाईट.

सर्वच जुनी माहिती नव्या रकान्यांत बसते असेही नाही. विदर्भातील गावांसाठी संहितेने निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज हे दोन अभिलेख कायम ठेवले आहेत. गुरे चारणे, सरपण, माती-मुरूम, तलावाचे पाणी, मासेमारी, वाट यांसंबंधीचे गावकऱ्यांचे सामाईक हक्क व रिवाज त्यांत लिहिलेले असतात. हे हक्क कोणा एकाच्या नावावर नसतात व त्यांचे वर्णन वाक्यांत असते, आकड्यांत नव्हे. व्यक्ती, गट क्रमांक व क्षेत्र अशा तीन पायांवर उभ्या असलेल्या कोष्टकाला ते परके आहेत. स्थानांतराची आखणी करणाऱ्यांनी नव्या संचयात काय घेतले याच्या यादीइतकीच काय घेतले नाही याची यादी करावी असे म्हणतात, ते अशाच कारणाने.

चावडी वाचन : टंकित केलेला सातबारा मूळ हस्तलिखिताबरहुकूम आहे की नाही, हे पाहण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावातील सातबारांचे मुद्रित उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखविणे, आक्षेप नोंदवून घेणे, मूळ कागदाशी ताडून दुरुस्ती करणे आणि अखेरीस गावाची माहिती हस्तलिखिताशी जुळते असे घोषणापत्र तलाठ्याने देणे, असे तिचे स्वरूप होते. दुरुस्तीसाठी संगणकप्रणालीत ‘एडिट’ व नंतर ‘री-एडिट’ या नावांच्या खास सोयी करण्यात आल्या. संगणकाच्या साहाय्याने संगणकाची तपासणी करण्याच्या पद्धती अनेक आहेत. परंतु ज्याच्या हक्काची ती नोंद आहे त्याच्या कानांवर ती घालणे, ही पद्धत त्या सर्वांहून जुनी व या प्रकरणी अधिक उपयुक्त ठरली. बांधावरचा माणूस कोण, विहिरीत कोणाचा हिस्सा किती, मृताचे वारस किती हे जाणणारे लोक एकत्र बसलेले असताना चुकीचे नाव खपणे कठीण असते. अर्थात जो त्या दिवशी मजुरीसाठी परगावी गेला होता, किंवा जी विवाहित बहीण सासरी होती, त्यांच्या नावाबद्दल बोलणारे कोणी असेलच असे नाही. वाचनाच्या पद्धतीची ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

१ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे संकेतस्थळावरून मिळू लागले. या टप्प्यावर स्थानांतराची चूक कायद्याच्या दृष्टीने गंभीर रूप घेते. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद येईपर्यंत, खरी असल्याचे गृहीत धरले जाते. म्हणजे टंकलेखनात जमीन ०·८१ हेक्टरऐवजी ०·१८ हेक्टर झाली असेल तर ती तशी नाही हे सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे व संगणकीकरणातील असंख्य चुका त्याखाली दुरुस्त झाल्या आहेत; तथापि त्यासाठी अर्ज, मूळ हस्तलिखिताची नक्कल, सूचना व आदेश हे सोपस्कार करावे लागतात. गोंदियातील धान उत्पादकाला याचा फटका हंगामात बसतो. किमान आधारभूत किंमत योजनेखाली पणन महासंघाच्या अथवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान विकण्यासाठी नोंदणी करताना सातबारा दाखवावा लागतो आणि उताऱ्यावरील क्षेत्र व पीक यांवरून विक्रीची मर्यादा ठरते. उताऱ्यात क्षेत्र कमी उतरले असल्यास उरलेले धान व्यापारी देईल त्या भावाने घालावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करू लागला; नमुना बाराची माहिती त्यामुळे कागदाचा टप्पा गाळून उगमापाशीच संगणकात जाते.

पडताळणी : स्थानांतर पूर्ण झाल्याची खात्री तीन पातळ्यांवर करतात. सर्वांत खालची पातळी फाइलची. फाइलमधील सर्व बाइटांवर ठरावीक गणिती क्रिया करून एक छोटी संख्या काढतात. जुन्या व नव्या प्रतीची संख्या एकच आली तर प्रत हुबेहूब आहे असे मानण्यास हरकत नसते. एका बिटाचा फरक असला तरी ही संख्या बदलते. मात्र संकेतन बदलल्यावर फाइल मुळातच वेगळी होत असल्याने ही कसोटी रूपांतराच्या अलीकडे व पलीकडे वेगवेगळी लावावी लागते. रूपांतराला स्वतःला ती लागू पडत नाही.

दुसरी पातळी नोंदींच्या संख्येची व बेरजांची. जुन्या संचयात जितके गट होते तितकेच नव्यात आहेत काय, जितके खातेदार होते तितकेच आले काय, हे मोजतात. जमिनीच्या अभिलेखांत यासाठी एक उत्तम नियंत्रक आयताच उपलब्ध आहे. भूमापन खात्याच्या आकारबंदात गावाच्या प्रत्येक गटाचे क्षेत्र व एकूण क्षेत्र दिलेले असते. गावातील सर्व सातबारांच्या क्षेत्रांची बेरीज आकारबंदाशी जुळली पाहिजे. ती न जुळण्याचे कारण नेहमी लबाडी किंवा निष्काळजीपणा असतेच असे नाही. एक एकर म्हणजे ४० आर ४७ चौरस मीटर. समजा, नव्या कोष्टकात आरपर्यंतच क्षेत्र लिहिण्याची सोय आहे व उरलेले चौरस मीटर गाळले जातात. एकेक एकराचे ५०० तुकडे असलेल्या गावात अशा रीतीने २ हेक्टर ३५ आर जमीन कोणीही न घेता कागदावरून नाहीशी होते.

तिसरी पातळी अर्थाची. बेरजा जुळूनही दोन शेजाऱ्यांची नावे परस्परांच्या गटावर पडलेली असू शकतात. ही चूक कोणत्याही बेरजेत दिसत नाही. तिच्यासाठी मूळ कागद समोर ठेवून नोंदी ताडणे आणि जाणकाराने त्या वाचणे यावाचून उपाय नाही. वेळ अपुरा असल्यास यदृच्छया निवडलेल्या काही नोंदी ताडून चुकांच्या प्रमाणाचा अंदाज घेतात. ज्या नोंदींत चूक झाल्यास भरून न येणारी हानी होईल त्या मात्र सर्वच्या सर्व ताडाव्यात.

जुन्याकडून नव्याकडे वळण : नवा संगणक केव्हा अधिकृत मानावयाचा, हा प्रश्न तांत्रिक दिसला तरी मुख्यतः प्रशासकीय असतो. काही काळ दोन्ही समांतर चालविल्यास चुका लवकर उघड होतात. परंतु दोन्हीकडे स्वतंत्र नोंदी होऊ लागल्यास खरे कोणते हा वाद उद्‌भवतो. हस्तलिखित व संगणकीकृत असे दोन्ही सातबारे प्रचारात असतानाच्या काळात हा अनुभव आला आणि म्हणून घोषणापत्र झालेल्या गावांत हस्तलिखित उतारे देणे थांबविण्यात आले. उलट सर्व काही एका रात्रीत बदलण्याचा मार्ग किती जोखमीचा आहे हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेच्या उदाहरणावरून दिसले. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने सुमारे ५० लाख ग्राहकांची माहिती एका सप्ताहान्ती नव्या प्रणालीवर नेली. चौकशीत असे आढळले की माहिती स्वतः सुखरूप पोहोचली होती, परंतु नवी प्रणाली तिचा भार पेलू शकली नाही. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. २०२२ मध्ये बँकेला त्याबद्दल मोठा दंड झाला.

जुन्या संगणकाची व्यवस्था : पडताळणी संपेपर्यंत जुना संगणक व त्यावरील माहिती यांना हात लावू नये, असा संकेत आहे. माहितीच्या किमान तीन प्रती असाव्यात व त्यांपैकी एक वेगळ्या इमारतीत असावी, असेही सांगतात. नंतर तो संगणक काढून टाकताना मात्र त्यावरील माहिती खरोखरच नष्ट करावी लागते. फाइल पुसण्याची आज्ञा दिल्यास बहुधा केवळ तिचा अनुक्रमणिकेतील उल्लेख जातो, मजकूर डिस्कवर तसाच राहतो व सामान्य साधनांनी परत मिळविता येतो. चुंबकीय डिस्कवर सर्वत्र नवी चिन्हे लिहून किंवा ती डिस्क मोडून हा धोका टाळतात; चुंबकीय भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये पुनर्लेखन पुरेसे होत नसल्याने निर्मात्याने दिलेली पुसण्याची खास आज्ञा वापरतात. भारतात टाकाऊ विद्युत साधनांची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यांमार्फत करावयाची असते.

मूळ कागदाचे काय करावयाचे, याचे उत्तर इंग्लंडमधील एका प्रसंगाने दिले आहे. तेथील १०८६ च्या जमीन पाहणीचा ग्रंथ ‘डोम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने देशाची नवी पाहणी करून ती लेसर डिस्कवर प्रसिद्ध केली. डिस्क वाचणारी यंत्रे व त्यांना चालविणारे संगणक लवकरच दुर्मिळ झाले आणि पंधरा-सोळा वर्षांत ती माहिती वाचणे जवळजवळ अशक्य झाले. लीड्‌स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली तयार करून २००२ मध्ये ती पुन्हा वाचनीय केली. चर्मपत्रावरील मूळ ग्रंथ या सर्व काळात लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येत होता. महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत लाल कापडी बस्त्यांत बांधलेले जुने सातबारे व फेरफाराच्या वह्या याच कारणाने जपाव्या लागतात; कलम १५५ खालील अर्जाला जोडावयाची नक्कल त्यांच्यावरूनच काढली जाते.